राजवाड्याच्या दाराशी झोपलेला माणूस

नमस्कार श्रोतेहो. प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो.

संध्याकाळची वेळ. इस्राएलचा राजा दावीद पलंगावरून उठतो आणि गच्चीवर येरझारा घालू लागतो. राजे लढाईला निघतात तो हंगाम आहे, पण दाविदानं सेनापती यवाबाला पुढे धाडलंय आणि स्वतः यरुशलेमेतच राहिलाय. गच्चीवरून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसते. बायबलमधल्या 2 शमुवेल ह्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायाची ही सुरुवात. पुढचं आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण भराभर वाचत सुटतो. मला आज तिसऱ्या वचनापाशी थांबायचंय.

दावीद चौकशीला माणूस पाठवतो. उत्तर येतं: ती बथशेबा, उरीया हित्ती ह्याची बायको ना? उरीया म्हणजे दाविदाच्याच निवडक शूर वीरांपैकी एक. नजर गेली इथवर ठीक होतं, नजर कुणाचीही जाते. पण ‘बायको’ हा शब्द कानावर पडला तेव्हा दार सताड उघडलं होतं. दाविदानं फक्त मागं वळून खाली उतरायचं होतं.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, पत्रात लिहिलंय की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे बाहेर पडायची वाट. आपण मात्र प्रार्थनेत काहीतरी निराळंच मागतो. ‘प्रभू, ही इच्छाच काढून टाक,’ म्हणतो. इच्छा जात नाही, मग वाटतं देवानं ऐकलंच नाही. त्यानं ऐकलेलं असतं. वाट दाखवलेलीही असते, पण ती इतकी साधी असते की आपल्या लक्षात येत नाही.

माझंच सांगतो. एका रात्री नात्यातल्या एका माणसाचा मला भयंकर राग आला होता. मोबाइलवर लांबलचक मेसेज लिहिला, एकेक शब्द निवडून, नेमका जिव्हारी लागेल असा. पाठवणार तोच बॅटरी संपली आणि फोन बंद पडला. चार्जर दुसऱ्या खोलीत होता. मी उठलो, अंधारात चाचपडत गेलो, चार्जर आणला, फोन लावला, तो सुरू होईपर्यंत पडद्याकडे टक लावून बसलो आणि मेसेज पाठवला. पौलाचं वचन मला तोंडपाठ होतं बरं का!

भावांनी मिसरात गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाला वाट दिसली ती पळायची. त्याचा धनी पोटीफर, त्याची बायको योसेफाला मोहात पाडू पाहत होती. तिच्या हातात वस्त्र टाकून तो निघाला. आपल्याला ते वस्त्र लक्षात राहतं. त्याच्या आधीचं एक वचन मात्र निसटतं: ती रोज त्याच्या मागं लागे आणि तो तिच्या जवळही थांबत नसे. पळण्याचा सराव असा आधीपासून चालू होता. आणि मिळालं काय? तुरुंग. मोह टाळला की लगेच आशीर्वाद मिळतो असं सांगणारी भाषणं ऐकली की मला योसेफाची आठवण होते. विकला गेला तेव्हा तो 17 वर्षांचा होता, मिसरचा राजा फारो ह्याच्यापुढे उभा राहिला तेव्हा 30चा.

रानात 40 दिवस उपाशी राहिलेल्या येशूची उत्तरंही पाहा. त्याला मोहात पाडायला आलेला सैतान स्तोत्र 91 म्हणून दाखवतो, म्हणजे शास्त्र त्यालाही पाठ आहे. येशू चर्चेत शिरत नाही. तिन्ही वेळा ‘अनुवाद’ नावाच्या जुन्या करारातल्या पुस्तकातलं एकेक वचन, आणि विषय बंद. एदेनबागेत हव्वा मात्र सर्पाशी बोलत राहिली. शुभवर्तमान लिहिणारा लूक पुढे सांगतो की सैतान येशूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंतच. म्हणून एकदा जिंकलो की सुटलो, असं काही नसतं.

आता पुन्हा दाविदाकडे. बथशेबेला दिवस गेल्याचं कळल्यावर तो उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतो आणि ‘घरी जा’ म्हणतो, म्हणजे पाप झाकलं जाईल. उरीया घरी जात नाही. तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपतो. का, असं विचारल्यावर म्हणतो, देवाच्या कराराचा कोश, म्हणजे ती पवित्र पेटी, आणि इस्राएलचे लोक तंबूंत असताना मी घरी जाऊन सुखानं कसा झोपू? पाहा, ज्याच्यावर अन्याय केला तोच माणूस राजाच्या दाराशी निजलाय! त्या रात्री दाविदानं खाली येऊन त्याला हलवून उठवायचं होतं. पाप घडून गेलं होतं, तरी वाट बंद झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दावीद त्याला दारू पाजतो, तरी उरीया घरी जात नाही. मग राजा पत्र लिहितो आणि उरीयाच्याच हाती त्याच्या मरणाचा हुकूम देऊन पाठवतो.

‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे,’ हे शब्द दाविदाच्या तोंडून निघाले ते नाथान संदेष्टा आल्यावर. तोवर मूल जन्मलं होतं.

मला चार दिवस लागले. त्या नातेवाइकाचा नंबर काढायचा आणि फोन खाली ठेवायचा, असं चाललं होतं. शेवटी लावला. रिंग वाजत असताना मनात येत होतं, त्यानं उचलू नये.

त्यानं उचलला.