मीं केलें, मी केलं : ‘स्मृतिचित्रे’च्या ध्वनिमुद्रणाची गोष्ट

(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : उघडे लाकडी कपाट. दोन्ही बाजूंना सारलेल्या साड्या, मध्ये मायक्रोफोन.]

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, एका जुन्या वाड्याच्या माडीवर एका निवृत्त शिक्षिकेने कपाटाची दोन्ही दारे उघडली आहेत. साड्या दोहों बाजूंना सारून मध्ये जी हातभर जागा झाली आहे, तिथे उशीच्या आधाराने मायक्रोफोन उभा केला आहे आणि बाईंच्या पाठीमागे खिडकीच्या गजापासून खुंटीपर्यंत बांधलेल्या दोरीवर दोन गोधड्या टाकल्या आहेत. कापड आवाज पिऊन घेते. उघड्या भिंतीवरून मात्र तोच आवाज उलटून येतो आणि वाचणारा माणूस रिकाम्या हौदात बसून बोलत असल्यासारखा ऐकू येतो. पंखा बंद आहे. खालच्या मजल्यावरचा फ्रिजही बाईंनी स्वतः जिना उतरून बंद केला आहे. दूधवाला यायला अजून तास आहे, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांना दोन तास. तेवढ्या अवधीत ‘स्मृतिचित्रे’ची सात-आठ पाने वाचून व्हायची आहेत.

[दृश्य : मांडीवरचे पुस्तक, जवळून. पिवळी पाने, पेन्सिलीच्या खुणा.]

‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र १९३४ पासून पुढे चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले आणि नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली, वडिलांच्या मनात सोवळे शिरले, आणि बाजारातून आणलेले धान्यही धुतल्याखेरीज घरात येईनासे झाले, अशा घरातली ही मुलगी. अकराव्या वर्षी तिचे लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झाले. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढची काही वर्षे नवरा-बायको एकमेकांपासून दूर राहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः, पूर्ण विचारांती, तीच वाट धरली. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलगा देवदत्त याने आईजवळ आठवणी मागितल्या आणि आईने जे लिहून दिले ते वडिलांचे चरित्र न राहता तिचे स्वतःचे पुस्तक झाले. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या आणि जोडाक्षर आले की त्यांचा हात अडत असे. त्यांच्या वाक्यात म्हणूनच पुस्तकी वळण सापडत नाही. ओसरीवर बसून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत सांगितल्यासारखे ते वाक्य आहे. ध्वनिमुद्रणासाठी पहिले पुस्तक कोणते घ्यावे असा प्रश्न बाई आणि त्यांच्याबरोबर हे काम करणाऱ्या मंडळींपुढे आला, तेव्हा तो फार वेळ राहिला नाही.

[दृश्य : संगणकाचा पडदा. आवाजाची हिरवी लहर, तिच्यात मध्येच उंच उठलेले काटे.]

या कामात कोणालाही मानधन नाही. वाचणारे पाच जण आहेत: नगरच्या बाई, नाशिकचे बँकेतून निवृत्त झालेले काका, पुण्यातले दोन विद्यार्थी आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सीत राहणाऱ्या एक ताई, ज्यांचे चित्र आमच्याजवळ नाही, आवाज मात्र आहे. कामाची रीत त्यांनी ‘लिब्रिव्हॉक्स’कडून उचलली. २००५ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात ह्यू मॅग्वायर यांनी सुरू केलेल्या या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेली पुस्तके वाचून मुद्रित करतात आणि ती सर्वांसाठी मोफत खुली ठेवतात. एकाने वाचायचे, दुसऱ्याने पुस्तक समोर धरून शब्दन्‌शब्द ऐकायचे, आणि तिसऱ्याने सगळ्या प्रकरणांचा हिशेब ठेवायचा, अशी ही साधी विभागणी आहे.

पडद्यावर दिसणारे काटे हे टाळ्यांचे आहेत. वाचताना चूक झाली की यंत्र थांबवायचे नाही. एक टाळी वाजवायची, श्वास घ्यायचा आणि त्या वाक्याच्या आरंभापासून पुन्हा वाचायचे. संपादन करणाऱ्या मुलाला मग तासाभराचे मुद्रण ऐकत बसावे लागत नाही. ‘ऑडॅसिटी’ या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला काटा दिसतो, काट्याच्या मागचे फसलेले वाक्य तो कापतो आणि दोन टोके जुळवतो. जुळवलेल्या जागी निव्वळ पोकळी ठेवली तर ती कानाला खटकते, कारण प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता असते. म्हणून प्रत्येक वाचक सुरुवातीला काहीही न बोलता अर्धे मिनिट नुसता बसतो आणि ती खोलीची शांतता मुद्रित करून ठेवतो. सांध्यांमध्ये तिचेच ठिगळ लागते. वीस मिनिटांच्या प्रकरणाला असे तीन-तीन तास जातात आणि ते देताना या मुलाला आम्ही एकदाही घड्याळाकडे पाहताना टिपलेले नाही.

[दृश्य : खिडकीशी बसलेले सर. कानाला हेडफोन, बोटे ब्रेल कागदावर.]

शब्दन्‌शब्द ऐकणाऱ्यांमध्ये एक सर आहेत. ते संगीताचे निवृत्त शिक्षक असून जन्मापासून दृष्टिहीन आहेत. चुकांची नोंद ते ब्रेलमध्ये करतात आणि संध्याकाळी फोनवरून एकेक चूक सांगतात. त्यांच्या नोंदीत सर्वांत जास्त जागा च, ज आणि झ या तीन अक्षरांनी व्यापली आहे. मराठीत या अक्षरांचे उच्चार दोन आणि लिपीत चिन्ह एकच. ‘चार’ आकडा आणि गुरांचा ‘चारा’ यांतले च वेगळे आहेत. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांकडे जाते आणि ‘माझी’ म्हणताना टाळ्याकडे सरकते. ज्याला ही भाषा घरात मिळाली त्याला हे कधी शिकवावे लागत नाही. पण पुण्याचा एक विद्यार्थी इंग्रजी माध्यमात वाढलेला आहे आणि एका प्रकरणात त्याचा पाय घसरलाच. त्या संध्याकाळचे संभाषण आम्ही टिपले आहे.

“बाळा, ‘जरा’ पुन्हा घे.”

“काय चुकलं, सर?”

“तू म्हणालास ती म्हातारपणाची जरा. बाईंना थोडंसं म्हणायचंय.”

त्याने ते वाक्य पुन्हा मुद्रित केले. पुस्तकाच्या पानांवर ज्या पेन्सिलीच्या खुणा दिसतात, त्या त्यानंतर आलेल्या आहेत: ज्या-ज्या च, ज, झ यांचा उच्चार दातांशी करायचा, त्या प्रत्येकाखाली बारीक टिंब.

[दृश्य : छापील पान. एका ओळीवर ठेवलेले बोट, ‘मीं’, ‘घरांत’, ‘केलें’.]

खरा वाद झाला तो अनुस्वारावरून, आणि त्याच्यासाठी या पटात आम्ही मुद्दाम जागा ठेवली आहे. जुन्या छपाईत ‘मीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुस्वार जागोजाग आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून काढून टाकले आणि त्यानंतर शिकलेल्या पिढ्यांना ते अनोळखी झाले. नवा वाचक एकतर ते नाकात उच्चारतो, नाहीतर सरसकट टाकून देतो. ‘मीं’ आणि ‘घरांत’ यांच्या बाबतीत टाकून दिलेलेच बरोबर. पण ‘केलें’चे काय करायचे? नाशिकच्या काकांचे म्हणणे असे, की छापले आहे तसे, म्हणजे ‘केले’ असे वाचावे. पुस्तक ग्रांथिक आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. नगरच्या बाईंचे म्हणणे असे, की लक्ष्मीबाई आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून ‘मी काम केले’ असे म्हणाल्या असतील हे त्यांच्या कानाला पटतच नाही. त्या ‘केलं’च म्हणाल्या असणार.

सरांनी एकच प्रकरण दोघांकडूनही दोन्ही तऱ्हांनी वाचून घेतले आणि इथल्या चौघा वाचकांना एकत्र बसवून ऐकवले. ऐकता-ऐकता काकांच्याच लक्षात आले की वादाचे उत्तर छपाईतच आहे. ‘काम केलें’ यावर अनुस्वार आहे आणि ‘प्रयत्न केले’ यावर नाही. अनुस्वार जिथे आहे तिथे बोलताना ‘केलं’ होते. जिथे नाही तिथे ‘केले’ हे ‘केले’च राहते. नव्या लेखनात दोन्ही शब्द सारखे दिसतात, जुन्या पानावर मात्र कोणता कसा बोलायचा हे टिंबाने दाखवून ठेवलेले आहे. ‘तें’सारखा एखादा शब्द या वाटेने जात नाही, तो ‘ते’च उरतो, पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. जो अनुस्वार आम्ही सगळे मेलेला समजत होतो, तो वाचणाऱ्याला इतकी नेमकी खूण देतो, हे त्या दुपारी कळले. काकांनी आपली आधीची चार प्रकरणे कोणी न सांगता पुन्हा वाचायला घेतली.

[दृश्य : काका, डोक्यावर रजई, हातात टॉर्च. वाचणे चालू.]

छापील मजकूर यंत्राला देऊन त्याच्याकडून तो वाचून घेणे आता काही मिनिटांचे काम आहे, मग एवढा आटापिटा कशासाठी, असे या मंडळींना वारंवार विचारले जाते. ज्यांना अभ्यासाचे पुस्तक उद्या हवे आहे, त्यांच्यासाठी यंत्राचा आवाज मोठीच सोय आहे आणि सर स्वतः तो रोज वापरतात. पण लक्ष्मीबाईंच्या वाक्यात जिथे हसू दबा धरून बसलेले असते, तिथे वाचणाऱ्याला ते आधी स्वतःला कळावे लागते, तेव्हाच ऐकणाऱ्यापर्यंत जाते. टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाबद्दल त्या तक्रार करतात आणि त्याच श्वासात त्यांच्यावरची माया सांगून जातात. स्वर कुठे चढवायचा आणि कुठे खाली सोडायचा, हे पानावर लिहिलेले नसते. बाईंनी असे एक वाक्य अकरा वेळा वाचलेले आम्ही पाहिले. बालकवी ठोंबऱ्यांच्या आठवणींची पाने पुण्याच्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे आली होती. नगरला टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिलेला हा कवी १९१८ साली ऐन तारुण्यात रेल्वेखाली गेला. ती पाने वाचताना या मुलाच्या मुद्रणात टाळीचा काटा एकही नाही. दोन ठिकाणी नुसती शांतता आहे, आणि ती कापू नये असे सरांनी संपादकाला सांगून ठेवले आहे.

[दृश्य : पुस्तकाचे मुखपृष्ठ, त्यावर ठेवलेला चष्मा.]

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या, म्हणून त्यांचा मजकूर आता कोणीही वाचावा, कोणीही ऐकवावा. पुढच्या आवृत्त्यांना जोडलेल्या टिपा आणि प्रस्तावना मात्र ज्यांच्या त्यांच्या आहेत, म्हणून या मंडळींनी त्यांना हात लावलेला नाही आणि जुनी प्रतच समोर ठेवली आहे. चौथा भाग पुरा होण्याआधीच लक्ष्मीबाई गेल्या आणि शेवट मुलाने पुरा केला. त्यामुळे वाचन कुठे थांबवायचे हेही ठरवावे लागले. आईची लेखणी जिथे थांबली, तिथेच थांबायचे असे ठरले.

तयार झालेली प्रकरणे इंटरनेटवर मोफत ठेवली जात आहेत आणि दृष्टिहीन वाचकांना पान-प्रकरण शोधता यावे म्हणून ‘डेझी’ या पद्धतीतही बांधली जात आहेत.

[दृश्य : पुन्हा कपाट. पहाट. बाई शेवटच्या पानावर.]

आज बाईंच्या वाट्याला शेवटचे पान आले आहे. प्रकरण संपले की पाच सेकंद शांतता ठेवायची, असा नियम आहे. बाईंनी शेवटचे वाक्य वाचले आहे, पुस्तक मांडीवर मिटले आहे आणि यंत्राचा लाल दिवा चालू आहे. पाच सेकंद होऊन गेली तरी त्यांचा हात बटणाकडे गेलेला नाही. संपादकाने नंतर नियमाप्रमाणे पाचच सेकंद ठेवली आणि बाकीची कापली. आम्ही ती सगळी ठेवतो आहोत.

[दृश्य : बाई, स्थिर. निवेदन नाही. खालून दूधवाल्याची घंटा येईपर्यंत.]