पक्ष्यांचं पित्त: कोंबडीपासून प्रयोगशाळेपर्यंत

मिरजेच्या बाजारात कोंबडी साफ करणारा काळजाशी, म्हणजे यकृताशी, आला की हात जपून चालवतो. काळजाला चिकटलेली गडद हिरवी पिशवी फुटली तर अख्खं काळीज कडू! (कबुतरात ही पिशवी शोधू नका, त्याला पित्ताशयच नसतं. पित्त यकृतातून नलिकेवाटे थेट लहान आतड्यात उतरतं.)

पित्ताला हिरवा रंग बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचा, तो हिमोग्लोबिनच्या विघटनातून येतो. कडूपणा मात्र पित्ताम्लांचा, म्हणजे स्निग्धांश पचवायला मदत करणाऱ्या आम्लांचा, आणि आपल्याला पाहायची आहेत ती हीच.

यकृत ती कोलेस्टेरॉलपासून घडवतं. सातव्या कार्बनवर एक विकर (एन्झाइम) हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवतं. मग वाट फुटते: बाराव्या कार्बनवरही हायड्रॉक्सिल बसला तर शेवटी कोलिक आम्ल, नाही बसला तर किनोडिऑक्सिकोलिक आम्ल. दोन्ही वाटांवर शेपटीचे ३ कार्बन तुटतात आणि २७ चे २४ उरतात. कोंबडीत जास्त असतं ते किनोडिऑक्सिकोलिक. १९२४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउस यांनी ते हंसाच्या पित्तातून मिळवलं. १९७० च्या दशकात त्याच आम्लाने माणसांचे पित्तखडे विरघळवायला सुरुवात झाली.

तयार आम्लाला यकृत टॉरिन हा गंधकयुक्त छोटा रेणू जोडतं. माणसात हे काम जास्त करून ग्लायसिन करतं, पक्ष्यांत टॉरिनच.

आता पित्तातली आम्लं ओळखायची कशी ते. मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन सांगणाऱ्या यंत्रावर ऋण आयनांचं (ऋण विद्युतभार असलेल्या रेणूंचं) एक शिखर ४९८ ला दिसतं, ते टॉरिन लागलेल्या किनोडिऑक्सिकोलिकचं; दुसरं ५१४ ला, ते टॉरिन लागलेल्या कोलिकचं. फरक १६, म्हणजे एक ऑक्सिजन. रेणू फोडल्यावर १२४ चा तुकडा मिळाला की टॉरिनची खात्री पटते.

पण ४९८ दिसलं म्हणून किनोडिऑक्सिकोलिक सापडलं, असं म्हणणं घाईचं. आतड्यातले जिवाणू कोलिक आम्लाचा सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल काढतात आणि डिऑक्सिकोलिक आम्ल बनतं. ते शोषलं जाऊन यकृतात परततं, टॉरिन लावून घेतं, आणि वजन भरतं नेमकं तेवढंच! एक पक्ष्याने घडवलेलं, दुसरं जिवाणूंनी बदललेलं, आणि काटा दोघांना एकच म्हणतो. म्हणून नमुना आधी क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या, स्तंभातून सोडतात. दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, ती वेळ शुद्ध नमुन्याशी ताडायची. कामाचा खरा कस लागतो तो इथेच.

सांगली-साताऱ्याच्या पोल्ट्रीवाल्यांचा याच्याशी थेट संबंध आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांचं यकृत पित्ताम्लं कमी सोडतं, त्यामुळे खाद्यातला स्निग्धांश, त्यातही प्राण्यांची घट्ट चरबी, नीट पचत नाही. म्हणून या वयात तेल बरं, आणि काही खाद्यांत लेसिथिन (स्निग्धांश पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ) किंवा पित्ताम्लंच मिसळलेली असतात.