बाही खाली ओढ

[सकाळ. कोल्हापूर, कपिलतीर्थ मार्केट. एका हाताचं अगदी जवळून चित्रण.]

हा हात बघा. मेथीच्या दोन जुड्या उचलतो, पाणी झटकतो, गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकतो आणि सुट्टे पैसे मोजून परत देतो. मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत हिरवट निळं गोंदण आहे. मधे तुळशीवृंदावन, भोवती ठिपके आणि खाली थोरल्या भावाचं नाव. वयाबरोबर कातडी सैल झाली, अक्षरं पसरली, आता ते नाव मावशींनाच तेवढं वाचता येतं.

या हातानं त्या गेली चाळीस वर्षं भाजी विकताहेत. गोंदण बघून कुणी भाजी घ्यायची टाळली का, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. मी परत विचारला. त्या म्हणाल्या, "गोंदलंय म्हणून भाजी का न्हाई घेणार? भाजी ताजी हाय का बघत्यात माणसं."

[दुपार. राजारामपुरी. दुकानाच्या आतून रस्ता दिसतो.]

इथून रिक्षानं दहा मिनिटांवर राजारामपुरी. मे महिना आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीच्या अंगात पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट आहे, मनगटापर्यंत बटण लावलेलं. वरच्या फळीवरचा बॉक्स काढायला ती हात वर करते, बाही मागं सरकते आणि बॉक्स खाली ठेवायच्या आधी तिचा दुसरा हात ती बाही खाली ओढतो. गिऱ्हाइकाशी बोलताना तिचं लक्ष तिकडं नसतं. हात आपोआप जातो. तासाभरात हे किती वेळा झालं, ते मोजायचं मी नंतर सोडून दिलं.

बाहीखाली एक वेल आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात तिनं काढून घेतलेली, काळ्या शाईतली, पानं बारीक. नोकरीवर ठेवताना तिला एवढंच सांगितलं होतं, "हात झाकून येणार असशील तर सोमवारपासून ये." तिला नोकरी हवी होती. ती सोमवारी गेली.

तिचा चेहरा आणि दुकानाची पाटी आम्ही दाखवत नाही. ती तिची अट आहे, आणि ती अट घालावी लागते हेच या चित्रफितीचं कारण आहे.

[जुनी छायाचित्रं. यात्रेतली गर्दी.]

गोंदण आपल्याकडं नवीन नाही. आपल्या आज्यांच्या पिढीत बिनगोंदलेली बाई सापडणं अवघड होतं. दारावर गोंदणारीण यायची, काजळीत सुया बुडवून टोचायची, वरनं हळद लावायची. पोरगी रडायला लागली की बाकीच्या बायका तिला धरून ठेवायच्या. पुढं यात्रा-जत्रांत मशीन आलं. पाळणा, बत्तासे, बांगड्या आणि त्यांच्याच रांगेत गोंदणाचं दुकान, फळ्यावर नमुने लावलेले. विंचू, मोर, राम, बदाम. सोनं-नाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर सोबत येतं, अशी बायकांची श्रद्धा होती. ज्यांच्या अंगावर सोन्याचा मणी चढायची शक्यता नव्हती, त्यांच्यासाठी हा कुणी काढून घेऊ शकणार नाही असा दागिना होता.

टोचण्याचंही तेच. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफांच्या पेठेत, आजही तान्ह्या बाळांना घेऊन माणसं येतात. सोनार आधी बाळाच्या आजीला विचारतो, बाळाला मांडीवर घट्ट धरायला सांगतो आणि बारीक तार कानातून कधी गेली ते कळतही नाही. मग बाळ आभाळ डोक्यावर घेतं. सोनारानंच कान टोचावेत, अशी म्हणच आहे आपली. मुलींचं नाक टोचतो. कानाच्या वरच्या कडेला बुगडी घालतो. पुरुष भिकबाळी घालतात, आणि लग्नात नवरदेवानं घातली तर फोटोवाला मुद्दाम तो कान पुढं करायला लावतो. या सगळ्याला आपण दागिना म्हणतो. तीच बाळी भुवईत गेली की आपण त्या माणसाचा स्वभाव सांगायला लागतो.

[घर. एक बाई साडीची घडी घालते आहे.]

ही माझी आई.

आईच्या कपाळावर भुवयांच्या मधे एक उभी रेघ आहे आणि हनुवटीवर तीन ठिपके. नऊ वर्षांची असताना गोंदलेले. तिला कुणी विचारलं नव्हतं. 1996 साली वडिलांचं काम सुटलं तेव्हा आई शहरातल्या एका कापड दुकानात विचारायला गेली. तिला साडीतलं कळायचं. पदर बोटात धरला की सूत कोणतं आहे ते सांगायची, आजही सांगते. मालकांनी तिच्याशी चांगलं बोलून घेतलं, कामावर ठेवलं, आणि म्हणाले, "पण काउंटरला नको. चेहऱ्यावर ते आहे ना. आत घड्या घालायला बसा."

आईनं खटपट केली. रेघ झाकेल एवढी मोठी टिकली लावायला लागली. हनुवटीला पावडर. निघायच्या आधी आरशासमोर उभी राहून ती अंगठ्यानं टिकली दाबून बसवायची, तेव्हा श्वास धरायची हे मला आठवतं. पण पावडर घामानं बारा वाजेपर्यंत उतरायची आणि निळे ठिपके परत वर यायचे. काउंटर काही मिळालं नाही. अकरा वर्षं तिनं आतल्या खोलीत, एका ट्यूबलाइटखाली, दुसऱ्यांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या. काउंटरवरच्या बायकांना पगार जास्त होता, दिवाळीला विक्रीवर वेगळे पैसे मिळायचे. आईला ते नव्हते.

म्हणून हा विषय माझ्यासाठी फॅशनचा कधीच नव्हता. राजारामपुरीतल्या मुलीला झाकायला सांगतात, कारण ती फार पुढं गेलेली वाटते. माझ्या आईला आत बसवलं, कारण ती फार मागं राहिलेली वाटली, खेडवळ वाटली. सुई तीच, कातडीखालची शाईही जवळपास तीच. दोघींपैकी कुणाच्याही कामाबद्दल कुणी काही बोललं नाही.

[शिरोली एमआयडीसी. फाउंड्री. भट्टीतून लोखंड ओतलं जातं.]

मालक मंडळींची बाजू ऐकायला मी शिरोलीला गेले. एका फाउंड्रीच्या मालकांनी मला शॉप फ्लोअरवर फिरवलं. कामगारांच्या हातांवर नावं आहेत, वाघ आहेत, महाराज आहेत, एकाच्या दंडावर त्याच्या मुलीच्या पावलाचा ठसा आहे. मालकांना म्हटलं, यांना घेताना हे विचारता का? ते म्हणाले, "टॅटूचं मला काही घेणं नाही. पण लेथवर अंगठी घालून उभा राहिला तर मी त्याला त्याच क्षणी बाहेर काढीन."

यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. लेथवर लोखंड पकडून गरगर फिरवणारा चक असतो, त्यात अंगठी अडकली तर बोटाचं मांस कातडीसकट सोलून निघतं. लोंबणारी बाळी, गळ्यातली साखळी, हातातलं कडं, कशातही मशीन माणसाला ओढून घेऊ शकतं. भट्टीजवळ अंगावरचा धातू तापतो. खाण्याच्या पदार्थांचंही असंच आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत खोटी नखं आणि सैल दागिने घालून काम करू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण ते पदार्थात पडू शकतात. ताजा टॅटू ही जखमच असते, ती भरेपर्यंत हात झाकायला सांगणं रास्त आहे. भरलेल्या टॅटूची शाई मात्र कातडीच्या आतल्या थरात असते. ती पेढ्यातही उतरत नाही आणि पेशंटच्या अंगालाही लागत नाही. फाउंड्रीच्या मालकांना नाही म्हणायचं कारण विचारलं, तर ते मशीनकडं बोट दाखवून सांगू शकतात.

दुकानं, ऑफिसं, शोरूम इथं कारण विचारलं की एकच उत्तर येतं. गिऱ्हाईक काय म्हणेल?

मी सहा ठिकाणी विचारलं, आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं तशी तक्रार केली? सहापैकी एका मालकांना एक प्रसंग आठवला, तोही ओळखीच्या दुसऱ्या दुकानातला. बाकीचे थांबले, विचार केला आणि म्हणाले, अजून तरी नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला कुणी विचारलेलंच नाही. त्याच्या नावावर मालकाची स्वतःची नापसंती खपते. त्यातले एक वयस्कर गृहस्थ मला खरेपणानं म्हणाले, "मला स्वतःला बघवत नाही, ताई. माझ्या मुलीनं काढलेला पण नाही बघवत." हे उत्तर मला बरं वाटलं. माणूस स्वतःचं म्हणून बोलला, त्यामुळं त्याच्याशी पुढं बोलता तरी आलं.

[शिवाजी विद्यापीठ परिसर. पहाटे धावणारी मुलं.]

एका ठिकाणी मात्र नियम कडक आहे आणि तो मुलांना आधी माहीत असायला हवा. कोल्हापुरात लष्कराचं भरती कार्यालय आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात घरटी माणूस फौजेत. पहाटे चारला उठून पळणारी ही मुलं बघितली की पोटात कालवतं, कारण यातल्या काहींची छाती भरेल, उंची भरेल, पळणं होईल आणि दंडावरच्या टॅटूनं ती बाहेर पडतील.

लष्करात कायमस्वरूपी टॅटू चालतो तो दोनच जागी. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर. परंपरेनं गोंदणाऱ्या आदिवासी जमातींसाठी वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत हाताच्या आतल्या बाजूला असेल तर तो डावाच हात लागतो, कारण सलाम उजव्यानं करायचा असतो, आणि टॅटू त्या भागाच्या चौथाईपेक्षा लहान असावा लागतो. सोलापूरच्या एका तरुणाला उजव्या हातावरच्या धार्मिक टॅटूमुळं अशा एका दलानं नाकारलं होतं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पण प्रत्येक शेतकऱ्याच्या पोरानं कोर्टात जावं, अशी अपेक्षा कशी करायची?

[टॅटूचं छोटं दुकान. मशीनचा आवाज.]

या दुकानात मी दोन दुपारी बसले. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आला, कागलकडचा. मानेवर आईचं नाव हवं होतं. टॅटूवाल्यानं हातमोजे चढवता चढवता विचारलं, "भरतीला जाणार हाईस काय?" मुलगा म्हणाला, "दोन वर्सं ट्राय करतोय." टॅटूवाल्यानं हातमोजे काढून ठेवले. "मग न्हाई काढत. भरती झाली की ये, निम्म्या पैशात काढतो." मुलगा थोडा चिडला, मग चहा पिऊन गेला.

मी त्या माणसाला विचारलं, रोजचा धंदा असा परत पाठवतोस? तो म्हणाला, लेसरनं काढून घ्यायला आलेली पोरं बघितली आहेत त्यानं. एका बैठकीत जात नाही, अनेक लागतात, गोंदवायला जेवढे दिले त्याच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि एवढं करून डाग राहतो. "मेडिकलला तो डाग पण दिसतोय की ओ."

लष्कराचं मला एक पटतं. नियम कडक असेल, पण छापलेला आहे. कुठं चालतो, कुठं नाही, केवढा चालतो, हे भरतीच्या कागदावर वाचता येतं. खासगी नोकरीत टॅटूवरून नाकारू नये असा वेगळा कायदा आपल्याकडं नाही, आणि मालकानं नियम आधी सांगावा अशी सक्तीही नाही. म्हणून मुलाखत होते, सगळे गोड बोलतात, "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. खरं कारण मनगटावर होतं हे त्या पोरीला दुसऱ्या कुणाकडून तरी कळतं. माझं मालकांना एवढंच मागणं आहे. काम बघून घ्या. शिवी गोंदलेली असेल, कुणाच्या जातीधर्माबद्दल द्वेष गोंदलेला असेल, तर खुशाल नाही म्हणा, मीही नाहीच म्हणेन. मशीनचं कारण असेल तर मशीन दाखवा. यातलं काही नसेल आणि तरी नको असेल, तर तसं जाहिरातीत लिहा, म्हणजे एसटीचं तिकीट काढून गडहिंग्लजहून आलेली मुलगी फुकट हेलपाटा घालणार नाही.

[भाऊसिंगजी रोड. संध्याकाळ.]

गिऱ्हाईक काय म्हणेल, या प्रश्नाचं उत्तर या शहरात शंभर वर्षांपूर्वी एकदा दिलं गेलं आहे. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं दुकान काढायला लावलं, इथं, भाऊसिंगजी रोडवर. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवायला लागले आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजायला लागले.

जातीचं दुःख आणि टॅटूचं दुःख एका मापाचं नाही, आणि मी ते तसं मोजत नाही. एक जन्मानं लादलेलं, पिढ्यान् पिढ्यांचं. पण गिऱ्हाइकाचं मन कायमचं ठरलेलं असतं असं समजून आपण गप्प बसतो, तेव्हा मला हा रस्ता आठवतो. 26 जुलै 1902 ला संस्थानातल्या निम्म्या रिकाम्या जागा मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम महाराजांनी काढला, तेव्हाही लोक काय म्हणतील याची वाट त्यांनी बघितली नव्हती.

[घर. रात्र. टीव्हीच्या पडद्यावर राजारामपुरीतल्या मुलीचा हात.]

चित्रीकरण संपल्यावर हे सगळं मी आईला दाखवलं. ती बोलली नाही फारसं. फाउंड्रीतली मुलं बघितली, टॅटूवाल्याला हसली. काउंटरवरची मुलगी आली तेव्हा म्हणाली, "थांबीव जरा." मी थांबवलं. पडद्यावर बाही मागं सरकलेली, वेल मनगटाच्या हाडावरून वळून वर गेलेली, आणि दुसरा हात बाही ओढायला अर्ध्या वाटेत आलेला.

आई उठून पडद्याजवळ गेली. स्वतःच्या हनुवटीला तिनं नकळत बोट लावलं.

"लई दुखलं असंल गं तिला," ती म्हणाली. "मांस न्हाई तिथं. सुई हाडाला लागती."