गिरवलेली अक्षरं

[दृश्य: तळहातात मावेल अशी मातीची गोल वडी. तिरपा उजेड.]

ही एका पोराची पाटी आहे. जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीची, इराकमधल्या निप्पूर गावची. वरच्या ओळी गुरुजींच्या. हात बसलेला, खुणा नेमक्या. खाली पोरानं तेच गिरवलंय, आणि ओळ तिरकी गेलीय.

शाळेचा इतिहास म्हटला की राजांची फर्मानं आठवतात, मोठमोठी विद्यापीठं आठवतात. मला तो या खालच्या ओळीत जास्त खरा वाटतो.

तिथल्या जुन्या सुमेरी भाषेत शाळेला एडुब्बा म्हणत. पाट्यांचं घर, असा त्याचा अर्थ लावतात. निप्पूरच्या एका लहानशा घरात अशा सुमारे १४०० पाट्या आणि त्यांचे तुकडे सापडले. आधी नुसत्या खुणा घटवायच्या: उभी, आडवी, तिरपी. मग नावांच्या याद्या, झाडांच्या आणि लाकडी वस्तूंच्या याद्या, पाढे, करारांचे मसुदे, शेवटी म्हणी. बोरू ओल्या मातीत दाबायचा, झालं की माती पुन्हा मळायची. आणि हे सगळं सुमेरी भाषेत, जी तोवर कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. घरची भाषा एक आणि पाटीवरची दुसरी! पोरांवरचं हे ओझं शाळेइतकंच जुनं आहे.

[दृश्य: पाटीवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा.]

त्याच काळातली एक गोष्ट या पाट्यांवर सापडते. शाळेत जाणाऱ्या मुलाला दिवसभर मार बसतो. न विचारता बोलला म्हणून, उठून उभा राहिला म्हणून, अक्षर चांगलं नाही म्हणून. शेवटी तो वडिलांना सांगतो, गुरुजींना घरी बोलवा. वडील गुरुजींना मानाच्या जागी बसवतात, जेवू घालतात, नवं वस्त्र देतात, बोटात अंगठी घालतात. गुरुजी लगेच मुलाचं तोंड भरून कौतुक करतात. ही गोष्ट शाळेतच पाठ म्हणून गिरवून घेतली जायची. ती लिहिताना त्या पोरांच्या मनात काय येत असेल?

त्या पाट्या टिकल्या कशा? पुष्कळशा घराच्या भिंतींत आणि जमिनीत भराव म्हणून गेल्या. म्हणून वाचल्या.

ग्रीक आणि रोमन मुलांच्या हाती मेणाची पाटी आली. लेखणीचं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं; चुकलं की चपट्या टोकानं मेण सारखं करायचं. इजिप्तमध्ये सापडलेल्या दुसऱ्या शतकातल्या अशाच एका पाटीवर गुरुजींचा कित्ता आहे, आणि खाली गिरवताना मुलानं पहिलंच अक्षर गाळलंय.

[दृश्य: भूर्जाची साल, त्यावर घोडेस्वार.]

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ओन्फीम. तेराव्या शतकातला, रशियातल्या नोव्गोरोदचा, सहा-सात वर्षांचा असावा. १९५६ मध्ये चिखलाखालून त्याच्या वह्या निघाल्या, म्हणजे भूर्जाच्या साली. एका सालीवर त्यानं मुळाक्षरं लिहायला घेतली. अकरा-बारा अक्षरांनंतर त्याला कंटाळा आला आणि त्यानं चित्र काढलं: घोड्यावर बसलेला वीर, शत्रूला भाल्यानं भोसकतोय. वीराशेजारी नाव लिहिलंय, ओन्फीम.

ही अक्षरं बहुतेक मुलग्यांच्याच हातची आहेत. मुलींच्या हाती पाटी फार उशिरा आली, आणि कायदे झाले तरी लगेच नाहीच. फ्रान्सच्या १८३३ च्या कायद्यानं गावोगावी मुलग्यांसाठी शाळा काढणं सक्तीचं केलं. मुलींच्या शाळांची सक्ती व्हायला १८५० उजाडलं, तीही फक्त आठशेपेक्षा जास्त वस्तीच्या गावांत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं मुलांना वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिलं. खर्च शून्य. आपल्या अनाथालयाच्या शाळेत त्यानं हेच सुरू केलं आणि थोरल्या मुलांना धाकट्यांचे गुरुजी केलं. पुढे इंग्लंडमध्ये एकेका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुलं बसू लागली, त्यामागे ही धूळपाटीही आहे.

[दृश्य: अंधार. कागदावर टोच्याचा टकटक आवाज.]

आणि एका मुलानं तर अक्षरंच नवी घडवली. पॅरिसच्या अंधशाळेत उठावाच्या छापील अक्षरांची जाडजूड पुस्तकं होती. ती बोटांनी कशीबशी वाचता येत, लिहिता मात्र येत नसत. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, लुई ब्रेलनं सहा ठिपक्यांची लिपी बांधली. शाळेनं ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. ब्रेल १८५२ मध्येच वारला होता. तोवर मुलं ती आपापसांत वापरतच होती.

ब्रेल पाटीवर टोचा उजवीकडून डावीकडे चालतो. लिहून झालं की कागद उलटायचा. मग तीच अक्षरं उठून, डावीकडून उजवीकडे, बोटांखाली येतात.