नग मोजण्याआधी

व्हाइसमध्ये आवळलेला जो लोखंडाचा चौकोनी तुकडा आपल्याला दिसतो आहे, त्याला भंगाराच्या भावाने फार तर काही रुपये येतील. तरीही छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नव्याने दाखल झालेला शिकाऊ उमेदवार दिवसच्या दिवस त्याच्यावर कानस फिरवतो, मधूनच त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, टेकवून तो तुकडा उजेडाकडे धरतो आणि गुण्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा कानस हाती घेतो. जोर पुढे जाताना द्यायचा, मागे येताना काढून घ्यायचा आणि कानस सरकेल तसा दोन्ही हातांवरचा भार बदलत न्यायचा, नाहीतर कडा झडून मध्ये फुगवटा राहतो, हे सांगायला एक मिनिट पुरते. हाताला ते उमगायला मात्र कित्येक आठवडे लागतात.

पैसे बाजूला ठेवून आधी काम शिकण्याला मराठीत उमेदवारी म्हणतात. (हल्ली उमेदवार म्हटले की निवडणुकीचाच आठवतो, हा भाग वेगळा.) पूर्वी ही उमेदवारी घरात किंवा उस्तादाच्या हाताखाली होत असे, आणि पैठणी किंवा हिमरू विणणाऱ्यांची पुढची पिढी अशीच मागाशेजारी बसून तयार झाली. कारखान्यातल्या उमेदवारीला कायद्याचे रूप आले ते १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने. या कायद्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, उमेदवार अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पालक सही करतो आणि त्या कराराची नोंदणी करावी लागते. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके उमेदवार घेणे २०१९ च्या सुधारित नियमांनी बंधनकारक केले. त्याहून लहान आस्थापनांसाठी, म्हणजे ४ ते २९ जणांच्या कारखान्यांसाठी, ही गोष्ट ऐच्छिक आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा उमेदवार कामगार नसतो. सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत; मात्र सुरक्षितता, आरोग्य आणि काम करताना झालेल्या इजेची भरपाई यांबाबतचे संरक्षण त्याला मिळते. या कायद्यातले एक कलम फारसे कोणाच्या लक्षात नसते, आणि आमच्या मते सगळ्या व्यवस्थेचा प्राण त्यातच आहे. उमेदवाराला नगांच्या संख्येवर पैसे द्यायचे नाहीत आणि उत्पादनाशी जोडलेल्या बोनसच्या योजनेत त्याला ओढायचे नाही, असे ते कलम सांगते. ज्याचे लक्ष नगांच्या आकड्यावर असते, तो हातातले काम थांबवून चूक कुठे झाली हे पाहत बसत नाही.

ही चूक किती बारीक असू शकते, ते लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, कळते. ड्रॉइंगवर २५ मिलीमीटर व्यासाच्या भोकापुढे ‘एच ७’ असे लिहिलेले असेल, तर ते भोक २५ मिलीमीटरपेक्षा लहान मुळीच चालत नाही आणि मोठे झालेच तर ०.०२१ मिलीमीटरपेक्षा जास्त होऊन चालत नाही. आयटीआयमध्ये हाताळलेल्या नेहमीच्या व्हर्नियर या मापकाचे लघुतम मापच ०.०२ मिलीमीटर असते, त्यामुळे इथे त्याचा भरवसा धरता येत नाही. भोक तपासायचा दोन तोंडांचा प्लग गेज घ्यावा लागतो, ज्याचे ‘गो’ तोंड भोकात सहज जायला हवे आणि ‘नो गो’ तोंड अडायलाच हवे. दोन्ही तोंडे आत गेली, की तो नग भंगारात जातो. शेजारी उभा असलेला मेस्त्री त्या वेळी स्वतःचे काम सोडून कापणारे टूल किती झिजले आहे, फीड म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग किती ठेवला होता आणि थंडावा देणारे कूलंट नेमके कुठे पडत होते, हे उमेदवाराला दाखवतो. मालकाची खरी गुंतवणूक हीच आहे: वाया गेलेला नग आणि मेस्त्रीचा खर्ची पडलेला अर्धा तास. ताळेबंदात या दोन्ही गोष्टी प्रशिक्षणाच्या नावाने क्वचितच दिसतात.

म्हणूनच हा खर्च टाळण्याचा मोह होतो. वर्षभर एकाच प्रेसवर उभे राहून पत्रा सरकवणारा आणि नोंदवहीत मात्र सगळ्या विभागांचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद असणारा उमेदवार औद्योगिक वसाहतींना अपरिचित नाही. त्याला शिकाऊ म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्या उमेदवाराला २०१९ च्या नियमांनी दरमहा किमान ७००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले, तर पदवीधराला ९०००. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला २५ टक्के भाग, कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार उचलते. गंगापूर किंवा वैजापूर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून आलेला मुलगा बजाजनगरात किंवा रांजणगाव शेणपुंजीत तिघा-चौघांबरोबर खोली घेतो, तेव्हा खोलीभाडे आणि खानावळ भागवून त्याच्या हाती फारसे उरत नाही, आणि शेजारच्या गेटवर कंत्राटदार याहून जास्त रोज देऊ करत असेल तर मन चळणारच. शिकण्याचे वर्ष अर्ध्यावर सुटते ते बहुधा इथे.

जो टिकतो, तो अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसतो आणि उत्तीर्ण झाल्यावर त्याला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतल्या अर्जदारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले होते, आणि एसटीच्या चिकलठाण्यातल्या मध्यवर्ती कार्यशाळेकडे किंवा महावितरणकडे आशेने पाहणाऱ्या मुलांना तेवढाच आधार वाटतो. बाकीच्यांपैकी काही जण वाळूजमध्येच राहतात आणि काही चाकणची वाट धरतात. हात तयार करायचा आपण आणि तो वापरायचा पुण्याकडच्या मोठ्या कंपनीने, ही लहान कारखानदाराची तक्रार रास्त आहे. तरीही ज्या पंचवीस माणसांच्या कारखान्यात प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवू शकणारा एकुलता एक मेस्त्री निवृत्तीला आला आहे, तिथला मालक कोणतीही सक्ती नसताना दोन उमेदवार ठेवतो, कारण दोघांपैकी एक गेला तरी एक उरेल, असा त्याचा हिशेब असतो.