नॉब फिरवला की आकडा जातो

मंडळी, टेबलावर हा जो पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड ठेवलाय, त्याची वायर लॅपटॉपमधून काढली की तो मुका होतो. आवाज सगळा लॅपटॉपमधल्या सिंथचा, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याचा; इथे ते सॉफ्टवेअरच्या रूपात आहे. हा फक्त आकडे पाठवतो: कुठली पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली, कुठला नॉब किती फिरला. अशा मुक्या कीबोर्डला कंट्रोलर म्हणतात. म्हणून कंट्रोलर घेताना नॉब किती आहेत हे नंतर मोजा. तो आकडे पाठवतो कसे, ते आधी बघा.

आकड्यांची ही रीत १९८३ची. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले गेले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथ! सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने आलेल्या या रीतीचं नाव मिडी. तिच्यात साध्या नॉबच्या वाट्याला ० ते १२७ एवढेच आकडे आले. व्हॉल्यूमला तेवढे पुरतात. पण रेझोनन्स (फिल्टरच्या कडेचा आवाज उठवणारी सोय) चढवून फिल्टर, म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा कापणारी चाळणी, हळूहळू उघडलात, तर पायऱ्या ऐकू येऊ शकतात. चांगला सिंथ त्या आतल्या आत गुळगुळीत करतो. सगळे करत नाहीत.

त्याहून छळणारी गोष्ट वेगळीच. नॉब हाताने २०वर ठेवलाय, तुम्ही नवा आवाज निवडलात आणि त्यात कटऑफ, म्हणजे फिल्टर कुठून कापतो ती जागा, १००वर आहे. नॉबला हे कुठून कळणार? बोट लागलं, की कटऑफ धाडकन २०वर. कार्यक्रमात हे झालं तर सगळ्या सभागृहाला कळतं. यावर ‘पिकअप’ नावाची सोय असते: नॉब १००पर्यंत पोचेपर्यंत सिंथ त्याच्याकडे लक्षच देत नाही. किंवा मग गोलगोल फिरत राहणारे एन्कोडर घ्यायचे, जे ‘थोडं वर, थोडं खाली’ एवढंच सांगतात. मात्र ते सांगण्याच्याही तीन-चार पद्धती आहेत. कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर वेगळ्या पद्धतीवर असतील, तर उजवीकडे फिरवलेला नॉब भलतीकडेच उडी मारतो. यंत्र बिघडलंय असं समजून ते परत करायला निघू नका, सेटिंग बघा.

आता आपल्या गाण्याच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, हा आक्षेप आकाशवाणीने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली त्या काळापासून ऐकू येतोय. कंट्रोलरच्या डाव्या हाताला स्वर वर-खाली सरकवणारं पिचबेंडचं चाक असतं आणि त्याला १२८ नव्हे, १६,३८४ पायऱ्या असतात. सर्वसाधारणपणे ते दोन्हीकडे दोन-दोन अर्धस्वर सरकतं. सिंथमध्ये ही मर्यादा वाढवता येते. अडचण अशी, की चाक अख्ख्या चॅनेलला हलवतं; मिडीत आकडे ज्या वेगवेगळ्या वाटांनी जातात, त्यातली एक वाट म्हणजे चॅनेल. त्याच चॅनेलवर षड्ज धरून ठेवला असेल, तर गंधाराबरोबर षड्जही घसरतो! साधा उपाय म्हणजे षड्ज दुसऱ्या चॅनेलवर टाकायचा. महागडा उपाय म्हणजे एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन). २०१८मध्ये अधिकृत झालेल्या या पद्धतीत प्रत्येक स्वराला आपापला चॅनेल मिळतो. रोलीचा सीबोर्ड, रॉजर लिन यांचा लिनस्ट्रुमेंट ही त्यातली वाद्यं. यांवर एक बोट स्थिर ठेवून दुसऱ्याने मींड घेता येते. फक्त बेंडची मर्यादा कंट्रोलर आणि सिंथ दोन्हींत सारखी ठेवा, बहुतेकदा ४८ अर्धस्वर; नाहीतर सगळं बेसूर.

‘पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो’ ही तक्रार घेऊन लोक नवा कीबोर्ड घ्यायला जातात. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलवरूनसुद्धा एक स्वर साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. उशीर बहुधा साउंडकार्डच्या बफरचा असतो, म्हणजे वाजवण्याआधी आवाजाचे तुकडे (सॅम्पल) साठवून ठेवण्याच्या जागेचा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या सॅम्पलरेटला १०२४चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८चा म्हणजे जेमतेम ३. बफर कमी केला की लॅपटॉपवर ताण येतो आणि आवाजात तडतड सुरू होते. मग एक-एक पायरी वर जायचं. विंडोजवर असाल तर आधी एसिओ (ASIO), म्हणजे आवाजाचा उशीर कमी करणारा ड्रायव्हर टाका, तो फुकट मिळतो. कीबोर्डचे पैसे नंतर खर्च करा.