सतरावी रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

८ मार्च १९६५. व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे मरीन सैनिक उतरू लागले. साधारण साडेतीन हजारांची ही तुकडी. लाटांतून बंदुका सांभाळत, लढायच्या तयारीने आलेले हे जवान वाळूवर पोचले, तर समोर फुलांचे हार घेऊन मुली उभ्या! त्यांच्या ब्रिगेडियर जनरलच्या गळ्यातही हार पडला. तो फोटो आजही पाहायला मिळतो. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू औषधालासुद्धा नाही.

अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात कधी उतरली असं विचारलं, की पुष्कळ जण हाच दिवस सांगतात. पण हार घालून घेणारे हे जवान आले तेव्हा त्या देशात वीस हजारांहून जास्त अमेरिकन लष्करी माणसं आधीच होती. त्यांना ‘सल्लागार’ म्हणायचे. त्याही आधी, तिथे राज्य करणारे फ्रेंच ते टिकवायला लढत होते तेव्हा, शेवटी शेवटी त्यांच्या लढाईचा बराचसा खर्च अमेरिकाच उचलत होती. तेव्हा तारखेच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. मला महत्त्वाची वाटते ती नकाशावरची एक रेघ.

१९५४च्या मे महिन्यात दिएन बिएन फूला फ्रेंचांचा पाडाव झाला. जुलैमध्ये जिनिव्हात तह झाला. सतराव्या अक्षांशावर रेघ ओढली : फ्रेंचांशी लढणाऱ्या कम्युनिस्ट नेत्याचं, हो चि मिन्हचं, सैन्य उत्तरेला, फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे दक्षिणेला. परिषदेच्या जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलं होतं, की ही रेघ तात्पुरती आहे, ती राजकीय सरहद्द समजू नये. दोन वर्षांनी, जुलै १९५६मध्ये, सगळ्या देशात निवडणूक घ्यायची आणि देश एक करायचा. देखरेखीला आंतरराष्ट्रीय आयोग नेमला. त्यात कॅनडा, पोलंड आणि भारत; अध्यक्षपद भारताकडे.

ती निवडणूक झालीच नाही. दक्षिणेचे पंतप्रधान न्गो दिन्ह दिएम म्हणाले, आम्ही या करारावर सही केलेली नाही, आणि कम्युनिस्टांच्या राज्यात मोकळं मतदान होणार तरी कसं? या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं. उत्तरेत जमीन सुधारणेच्या नावाखाली हजारोंचे बळी गेले होते. पण दिएम यांच्या स्वतःच्या मतदानाची तऱ्हा ऐका. ऑक्टोबर १९५५मध्ये त्यांनी सम्राट बाओ दाई यांना हटवण्यासाठी कौल घेतला. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर मतं पडली! दक्षिणेच्या राजधानीत, सायगावात, नोंदलेले मतदार साडेचार लाख, आणि दिएम यांना मतं सहा लाखांच्या वर.

पुढच्या वर्षी त्यांनी गावोगावच्या निवडून आलेल्या पंचमंडळींना घरी बसवलं आणि वरून माणसं नेमली. व्हिएतनामी खेड्यात गावकारभारात सरकारने नाक खुपसू नये, अशी फार जुनी रीत. आता गावाचा कारभारी परका, आणि बरेचदा त्याच्या मागोमाग, फ्रेंचांशी लढाईच्या काळात पळून गेलेला जमीनदारही थकलेला खंड मागायला परत आलेला. मेकाँगच्या खोऱ्यातल्या कुळाला मार्क्सचं नाव माहीत असायची काय गरज होती? डिसेंबर १९६०मध्ये दक्षिणेत राष्ट्रीय मुक्ती आघाडी उभी राहिली, ती याच जमिनीवर. तिला हुकूम, माणसं आणि हत्यारं उत्तरेतून येत होती हेही खरंच. हॅनोईने, म्हणजे उत्तरेच्या सरकारने, त्याआधीच, १९५९मध्ये, सशस्त्र लढ्याला मान्यता दिली होती.

म्हणजे ही यादवी होती. दोन्हीकडे व्हिएतनामी, घरंसुद्धा मधोमध दुभंगलेली. अमेरिकेने मात्र त्या तात्पुरत्या रेघेला सरहद्द मानलं आणि म्हटलं, एका देशाने दुसऱ्यावर आक्रमण केलंय, आम्ही मित्राच्या मदतीला चाललोय. १९६२मध्ये आयोगाच्या खास अहवालात भारत आणि कॅनडा यांनी दोघांनाही धारेवर धरलं : उत्तर दक्षिणेत बंडाळी माजवते आहे, आणि अमेरिका नि दक्षिण यांची ही जवळपास लष्करी युतीच झाली आहे, दोन्हींनी करार मोडतो. अहवालाने काही थांबलं नाही.

मग ऑगस्ट १९६४. दोन तारखेला टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या अमेरिकेच्या विनाशिकेवर उत्तरेच्या टॉर्पेडो बोटी खरोखरच चालून आल्या होत्या. चार तारखेची रात्र वेगळी. वादळी हवा, काळोख, रडारच्या पडद्यावर ठिपके, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या ‘सोनार’ यंत्रावर आवाज. ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या दोन्ही नौकांनी अंधारात तोफा डागल्या. काही तासांतच तिथल्या कॅप्टनने तार केली : हवामानामुळे रडार फसलं असावं, सोनारवरची पोरं अतिउत्साही झाली असावीत, प्रत्यक्ष डोळ्यांनी काही दिसलेलं नाही, नीट तपासून मगच पुढचं पाऊल टाका. त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टीव्हीवर आले आणि बदल्याच्या हवाई हल्ल्यांची घोषणा केली. तीन दिवसांत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. प्रतिनिधीगृहात विरोधात एकही मत नाही. सिनेटमध्ये दोन, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग यांची. त्या रात्रीचा हल्ला झालाच नव्हता, हे आता अमेरिकी अभ्यासकही मानतात. युद्ध रीतसर कधी जाहीर झालंच नाही.

पुढचं आपल्याला बरंचसं ठाऊक आहे : १९६९मध्ये सव्वापाच लाखांच्या वर फौज, मुडदे मोजून जयपराजय ठरवायची ती पद्धत, जंगलांवर फवारलेलं विष, माय लाय गावातलं हत्याकांड. जाता जाता एक सांगतो. व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून धडे घेतले, असा मेसेज आपल्याकडे मोबाइलवर दर वर्षी फिरतो. ऐकायला छान वाटतं, पण त्याला विश्वासार्ह पुरावा नाही. आणि त्यांना बाहेरून शिकायची गरज तरी काय? १२८८मध्ये बाख दांग नदीच्या पात्रात अणकुचीदार खांब रोवून, ओहोटीची वेळ साधून, त्यांनी मंगोलांचं आरमार अडकवून बुडवलं होतं. महाराजांचा मोठेपणा अशा मेसेजवर अवलंबून नाही.

२७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये युद्ध थांबवायचा करार झाला. दक्षिणेत घुसलेलं उत्तरेचं सैन्य आहे तिथेच राहिलं. दक्षिणेचे अध्यक्ष थिएउ याच कलमाला विरोध करत महिनोन् महिने अडून बसले होते. त्याच करारातलं पंधरावं कलम सांगतं : सतराव्या अक्षांशावरची रेघ केवळ तात्पुरती आहे, ती राजकीय किंवा प्रादेशिक सरहद्द नाही. सोबत जिनिव्हाच्या १९५४च्या जाहीरनाम्याचा हवालाही आहे. त्या वेळी अमेरिकेने त्या जाहीरनाम्यात सामील व्हायला नकार दिला होता. आता तिने सही केली. तोवर तिचे अठ्ठावन्न हजारांच्या आसपास सैनिक कामी आले होते, आणि व्हिएतनामी माणसं किती गेली, त्याचे अंदाज तर लाखांत आहेत.

नमस्कार.